पहिली मोटारसायकल आणि तिच्यावरचें ओझें

ज्या घरांत आजीपासून नातवंडांपर्यंत दहाबारा माणसांचीं पानें एकाच स्वयंपाकघरांत मांडलीं जातात, त्या घरांत पहिली मोटारसायकल आली म्हणजे ती एकट्या घेणाऱ्याची राहत नाहीं. पैसे मुलाच्या पगाराचे असोत वा वडिलांच्या शिलकेचे असोत, गाडी दाराशीं उभी राहिली कीं तिच्यावर साऱ्या घराचा हक्क पोंचतो. कोणाला मंडईंतून भाजी हवी असते, कोणाला एस. टी. स्थानकावर सोडावयाचें असतें, गिरणींतून दळण आणावयाचें असतें, आत्याबाईंकडे लोणच्याची बरणी पोंचवावयाची असते. यांत गैर असें कांहींच नाहीं. एकत्र कुटुंब चालतें तें अशाच देवघेवीवर. परंतु गाडी निवडतांना रंग, किंमत आणि एका लिटरला किती किलोमीटर, एवढ्या तीन प्रश्नांचा खल आपण करतों, आणि चवथा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. तो असा कीं, या गाडीवर ओझें किती व कोठें घालावयाचें, आणि तें नाकारण्याचा अधिकार कोणाचा?

गेल्या वर्षीं आमच्या घरीं हा प्रसंग आला. आमच्या धाकट्या भावाचा मुलगा पदविका पुरी करून साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस लागला. घरापासून कारखाना सहा किलोमीटर. शिवाय महिन्यांतून एकदोनदां वांईजवळच्या आमच्या गांवीं शेतीकडे फेरी. एके रात्रीं जेवणें झाल्यावर त्यानें मोबाइलवर तीन मोटारसायकलींचीं चित्रें सर्वांपुढें ठेवलीं आणि मग घरांत जी चर्चा सुरू झाली ती आठवडाभर पुरली.

आमच्या मातोश्रींचें म्हणणें पडलें, “स्कूटर घ्या. पायापाशीं पिशवी राहते.” म्हाताऱ्या माणसांचें बोलणें अनुभवाचें असतें. बजाजची चेतक १९७२ सालीं निघाली आणि पुढें कित्येक वर्षें मध्यमवर्गीय घरांत दुचाकी म्हणजे स्कूटरच, असें समीकरण होऊन बसलें. तिच्यासाठीं नांव नोंदवून लोक वर्षानुवर्षें वाट पाहत. पुढच्या फळीवर मूल उभें राही, हँडलखालच्या पेटींत रुमाल-किल्ल्या मावत, पिशवी अडकवावयास आंकडा असे. पुढें १९८५ च्या सुमारास शंभर सी. सी. च्या, थोड्या पेट्रोलांत पुष्कळ चालणाऱ्या जपानी बनावटीच्या मोटारसायकली आल्या आणि घरोघरीं स्कूटरची जागा त्यांनीं घेतली. चाकें मोठीं, त्यामुळें खड्ड्यांतून गाडी सुरळीत जाई, पेट्रोल कमी लागे. मात्र स्कूटरवर सामानाला जी जागा होती ती मोटारसायकलीवर नव्हती. तरीहि घरच्या माणसांनीं आपल्या पिशव्या कमी केल्या नाहींत. मागें एक लोखंडी कॅरिअर ठोकून घेतला एवढेंच.

त्या कॅरिअरची एक हकीकत आमच्या घरांत आहे, आणि ती आज प्रथमच आम्ही लिहून सांगत आहों.

सन १९९३ च्या मे महिन्यांत आम्ही दोघे भाऊ चिपळुणास मावशीकडे गेलों होतों. आमची ती पहिलीच मोटारसायकल, शंभर सी. सी. ची, घेऊन जेमतेम चार महिने झालेले. परत निघण्याच्या दिवशीं मावशीनें आंब्यांच्या दोन पेट्या बाहेर काढल्या. एकीवर एक अशा त्या आम्हीं कॅरिअरवर सुंभानें बांधल्या. तेवढ्यांत काकांनीं एक बरका फणस आणला, शेजारच्या काकूंनीं कोकमांची पिशवी दिली. ‘पुरे’ हा शब्द आमच्या जिभेवर आला नाहीं. वडील माणसें प्रेमानें देतात तें नको कसें म्हणावें? चालविणारे आम्ही, मधल्या जागेंत भाऊ, आणि त्याच्या पाठीमागें, म्हणजे मागील चाकाच्या आंसाच्याहि मागें, तो सारा डोंगर.

कुंभार्ली घाट चढूं लागलों तसें हँडल हाताला हलकें लागूं लागलें. गाडी झकास चालली आहे, असा आम्हीं त्याचा अर्थ केला. वस्तुतः पुढचें चाक जमिनीवरची आपली पकड सोडीत होतें. एका अरुंद वळणावर हँडल वळविलें; चाक वळलें, पण गाडी वळली नाहीं. त्याच क्षणीं सुंभ सैल होऊन वरची पेटी एका अंगाला सरकली आणि आम्ही कठड्यावर जाऊन आदळलों. आम्हांस खरचटण्यावर निभावलें. भावाचा पाय मात्र गाडी आणि कठडा यांच्यामध्यें सांपडला. मागून येणाऱ्या एका मालमोटारीच्या चालकानें आम्हांला उचलून घाटमाथ्यापलीकडे नेलें. पुढें दोन शस्त्रक्रिया झाल्या. पाय राहिला, पण भाऊ आजहि किंचित् लंगडत चालतो. तो रस्त्यावर कण्हत पडला असतां, भोंवतीं विखुरलेले आंबे पाहून ‘आतां मावशीला काय सांगावें’ हा विचार आमच्या मनांत आधीं आला, हें लिहितांना तीस वर्षांनंतरहि लाज वाटते.

म्हणून पुतण्याच्या गाडीची गोष्ट निघाली तेव्हां साऱ्यांच्या नजरा त्याच्या वडिलांकडे वळल्या. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “गाडी घेऊं दे. कॅरिअर मात्र लावावयाचा नाहीं.”

गाडी कोणती?

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं दुकानें पालथीं घातलीं. तेथें आम्हांस जो धडा मिळाला तो असा कीं, पहिली गाडी चालवून पाहण्याआधीं ढकलून पाहावी. इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावलें मागें न्यावी, वळवावी, मधल्या स्टँडवर चढवावी. चालत्या गाडीचा तोल वेगच सांभाळतो; नवशिका पडतो तो बहुधा उभ्या किंवा रांगत्या गाडीवरून, चौकांत थांबतांना नाहीं तर उतारावर गाडी मागें घेतांना. यास्तव वजन आणि बैठकीची उंची हे आंकडे अश्वशक्तीच्या आधीं वाचावे.

हे आंकडे असे. स्प्लेंडरसारखी शंभर सी. सी. ची गाडी पेट्रोलासह सुमारें ११२ किलो भरते. पल्सर १५० सारखी गाडी सुमारें १५० किलो. रॉयल एन्फील्डची क्लासिक ३५० ही १९५ किलो. आमच्या पुतण्याचें स्वतःचें वजन छप्पन्न किलो, उंची पांच फूट चार इंच. आणि मन अर्थातच तिसरीवर जडलेलें. दुकानापुढच्या फरशीवर त्यानें ती हौसेनें पुढें ढकलली. बाहेर रस्त्याकडे थोडा उतार होता. तेथें आम्हीं ती मागें घ्यावयास सांगितली. ती हलेना. दुकानांतला मुलगा मदतीला धांवला तेव्हां पुतण्या स्वतःच हंसला आणि म्हणाला, “काका, ही पांच वर्षांनीं.” आम्हांस एक शब्दहि बोलावा लागला नाहीं. तरुण मुलाला उपदेशापेक्षां उतार लवकर शिकवितो.

उरल्या दोन. थोरले बंधु नाना हिशेबी. त्यांचा कौल शंभर सी. सी. ला. परंतु पुतण्याच्या वडिलांनीं येथें वेगळाच मुद्दा काढला. ते म्हणाले, “गाडी इंजिनावरून निवडूं नका, ब्रेकवरून निवडा.” एप्रिल २०१९ पासून आपल्या देशांत १२५ सी. सी. हून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना ए. बी. एस. ही योजना बंधनकारक झाली, आणि त्याहून लहान गाड्यांना सी. बी. एस. ही दुसरी. पहिलीचें काम असें : घाबरून ब्रेक जोरानें दाबला म्हणजे चाक फिरावयाचें थांबून घसरूं लागतें; तें तसें थांबण्याच्या बेतांत आहे हें चाकाजवळचें यंत्र ओळखतें, आणि ब्रेकचा दाब क्षणांत सोडून पुन्हां देतें, एका सेकंदांत अनेक वेळां. त्यामुळें चाक फिरत राहतें आणि हँडल आपल्या ताब्यांत राहतें. दुसऱ्या योजनेंत एक ब्रेक दाबला असतां दुसऱ्या चाकाचाहि ब्रेक कांहीं अंशीं लागतो. ती उपयोगी खरीच. परंतु पावसांत चाक घसरूं न देण्याचें काम ती करीत नाहीं. साताऱ्याचा पावसाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा भेद अधिक समजावून सांगावयास नको. शेवटीं पुढील चाकास ए. बी. एस. असलेली दीडशे सी. सी. ची गाडी ठरली. तिची बैठक जमिनीपासून सुमारें ७८५ मिलिमीटर. पुतण्याचे दोन्ही पाय तिच्यावरून नीट टेकत. वजन त्याला पेललें. महिन्याला पेट्रोल थोडें अधिक जळेल, हें नानांनीं वहींत मांडून मान्य केलें.

किमतींत केवळ गाडी धरूं नये, ही सूचना येथेंच करून ठेवतों. गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून मिळत नाहीं. हेल्मेट चालविणाऱ्याला तसेंच मागें बसणाऱ्यालाहि कायद्यानें सक्तीचें आहे, आणि त्यावर आय. एस. आय. ची खूण असली पाहिजे. देशांत २०२२ सालीं रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांपैकीं ७४,८९७ दुचाकीवरचीं होतीं, आणि हेल्मेट न घातल्यामुळें मेलेल्यांची सरकारी नोंद ५०,०२९ आहे. आम्हीं कॅरिअरचे वांचलेले पैसे दुसऱ्या हेल्मेटांत घातले. तें हेल्मेट पुतण्याच्या मातोश्रींच्या मापाचें घेतलें. कारण मागें बहुतेक वेळां त्याच बसणार.

ओझ्याचा हिशेब

आतां सामानाकडे वळूं. गाडीबरोबर जी पुस्तिका मिळते ती आपण दिवाणखान्याच्या कपाटांत ठेवून देतों. तिच्यांत एक आंकडा असतो : गाडीवर जास्तींत जास्त भार किती घालावा. शंभर सी. सी. च्या गाड्यांच्या बाबतींत तो पुष्कळदां १३० किलोंच्या आसपास असतो. या आंकड्यांत चालविणारा आणि मागें बसणारा हे दोघेहि येतात. म्हणजे पांसष्ट-पांसष्ट किलोंचीं दोन माणसें बसलीं कीं सामानासाठीं काय उरलें? शून्य. आमच्या १९९३ च्या प्रवासांत दोन माणसांवर दोन पेट्या, एक फणस व एक पिशवी होती. हा हिशेब त्या दिवशीं कोणीं केला असता तर बरें झालें असतें. पण पुस्तिका कपाटांत होती.

किती याहूनहि कोठें हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मोटारसायकलीच्या दोन चाकांच्या आंसांतील अंतर साधारण सव्वा मीटर धरूं. मागील आंसाच्या मागें चाळीस सेंटिमीटरवर तीस किलोंचें ओझें ठेवलें, तर तरफेच्या नियमानें पुढील चाकावरचा भार जवळजवळ दहा किलोंनीं कमी होतो, आणि मागील चाकावर तीस नव्हे तर चाळीस किलो येतात. चढावर हा परिणाम आणखी वाढतो. गाडी वळते ती पुढच्या चाकानें, आणि थांबते तीहि मुख्यतः पुढच्याच ब्रेकनें. ज्या चाकावर सारी भिस्त, त्याचेंच बळ आपण मागें पेट्या बांधून काढून घेतों. शिवाय मागची बाजू दबल्यामुळें दिव्याचा झोत वर उचलला जातो. आपल्याला रस्ता दिसत नाहीं आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

याच्या उलट आपल्याकडचा दूधवाला पाहा. पहांटे तो मोटारसायकलीच्या दोन्ही बाजूंस मोठाले कॅन अडकवून गल्लीबोळांतून जातो. भार कायद्याच्या व पुस्तिकेच्या मर्यादेंत असतो असें आम्ही म्हणत नाहीं. त्याचें अनुकरणहि कोणी करूं नये. पण भार कोठें ठेवावा हें त्याला पक्कें कळलेलें असतें. कॅन खालीं, चाकाच्या आंसाजवळ, आणि दोन्हीकडे सारखे. आणि त्याला विचारलें तर तो आणखी एक गोष्ट सांगेल : भरलेला कॅन बरा, अर्धा नको, अर्ध्या कॅनांतलें दूध वळणावर हेलकावतें आणि गाडीला ओढतें.

सामान लावावें कीं नाहीं?

या सर्वांवरून आम्हीं जो निर्णय केला तो वाचकांपुढें ठेवतों. पहिल्या एका पावसाळ्यापुरतें गाडीला कांहींच लावावयाचें नाहीं. गाडी रिकामी असतां वळणावर, चिखलांत, अचानक थांबतांना कशी वागते हें हातापायांना आधीं कळूं द्यावें. तें कळल्यावांचून ओझें घातलें तर गाडीचा स्वभाव कोणता आणि ओझ्याचा कोणता, हें उमगत नाहीं. जेवणाचा डबा व कागदपत्रें यांना पाठीवरची लहान पिशवी पुरते. मात्र तिच्यांत टोंकदार अथवा कठीण वस्तु नसावी. पडलों तर ती पाठीच्या कण्यालाच लागते.

पावसाळा सरल्यावर रोजच्या सामानाची खरी गरज आहे कीं कधींमधीं लागेल एवढीच आहे, तें पाहावें. कधींमधींची गरज रिक्षा व एस. टी. भागवितात. रोजची असेल तर बैठकीच्या दोन्ही अंगांनीं लोंबणाऱ्या जोडपिशव्या बऱ्या. त्यांत भार खालीं राहतो. मात्र दोन्हींत वजन सारखें भरावें, एक पिशवी सायलेन्सरला टेकून जळत नाहीं ना हें पाहावें, आणि पट्ट्यांचीं मोकळीं टोंकें चाकाच्या आऱ्यांत किंवा साखळींत जाणार नाहींत अशीं बांधावीं. थोडें सामान टाकीवरच्या पिशवींत ठेवणें उत्तम, कारण तेथें तें दोन चाकांच्या मध्यें येतें. फक्त हँडल पुरतें वळलें पाहिजे. मागील उंच पेटी सर्वांत सोयीची दिसते आणि तिलाच सर्वांत अधिक जपावें लागतें. तिच्यांत रेनकोट-हातमोजे ठेवावे, आंबे ठेवूं नयेत. मागच्या बैठकीवर पेटी बसविली तर त्या गाडीवर दुसऱ्या माणसास बसतां येत नाहीं, असा नियमहि केंद्र सरकारनें २०२० सालीं केला आहे. पेटी किंवा माणूस, दोहोंपैकीं एक.

भार घालण्याच्या दिवशीं आणखी दोन कामें करावीं. मागील टायरची हवा पुस्तिकेंत दोन माणसांसाठीं दिली असेल तितकी वाढवावी. आणि मागील स्प्रिंगला कमीअधिक ताण देण्याचे टप्पे असतात, त्यांतला एकदोन टप्पे कडक करावा. आणि स्त्रियांसाठीं एक गोष्ट : मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारी जाळी व मागें बसणाऱ्यास धरावयाचा दांडा हीं नियमानेंच आवश्यक आहेत. गाडी देखणी दिसावी म्हणून कित्येक मुलें ती जाळी काढून टाकतात. पदर अगर ओढणी चाकांत गेली म्हणजे काय होतें, हें ज्या घरानें पाहिलें आहे तें घर जाळीला कुरूप म्हणणार नाहीं.

‘नको’ म्हणण्याचा अधिकार

येथवरचें सारें कोणत्याहि जाणत्या कारागिराकडून शिकतां येईल. पुढची गोष्ट मात्र घरानेंच शिकावयाची आहे. १९९३ सालीं आम्हांस तरफेचा नियम ठाऊक नव्हता असें नाहीं. शाळेंत तो आम्हीं पाठ केला होता. ठाऊक नव्हतें तें मावशीला ‘नको’ म्हणणें. आपल्या घरांतून वडिलांचा मान राखण्याचें शिक्षण मुलांना उत्तम मिळतें, आणि तें मिळावेंच. परंतु हँडल ज्याच्या हातीं, त्याला गाडीचें हलकें-जड जितकें कळतें तितकें ओसरीवर उभ्या असलेल्या कोणालाहि कळत नाहीं. त्याच्या तोंडून ‘नको’ निघण्याची वाट मोकळी ठेवणें हें मुलाचें काम नव्हे; तें वडिलांचें काम आहे. मुलगा आपण होऊन ती वाट काढूं पाहील तर उद्धट ठरेल, आणि न काढील तर आमच्यासारखा कठड्यावर आदळेल.

म्हणून गाडी घरीं आली त्या दिवशीं, पूजा झाल्यावर, नानांनीं सर्वांसमक्ष सांगितलें, “या गाडीवर काय चढेल आणि कोण बसेल तें हा ठरवील. त्यानें नाहीं म्हटलें तर कोणीं रागवावयाचें नाहीं. मीसुद्धां नाहीं.” मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत, पण ‘हें काय नवीनच’ असें त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट लिहिलें होतें.

त्या नियमाची परीक्षा मागील महिन्यांत झाली. पुतण्या वांईस निघाला होता. मातोश्रींनीं लेकीसाठीं भाजणीचा मोठा डबा, गुळाची ढेप आणि एक पोतडी भरून भुईमुगाच्या शेंगा अशी तयारी ओसरीवर मांडली. मागें त्याची आई बसावयाची होती. त्यानें सामान एकदां उचलून पाहिलें, मग खालीं ठेवलें आणि म्हणाला, “आजी, आज हें नको. परवां काकू एस. टी. नें जाणार आहेत, त्यांच्याबरोबर देऊं.”

ओसरीवर क्षणभर कोणी बोललें नाहीं. आमचे डोळे भावाकडे गेले. तो खांबाला टेकून उभा होता, दुखऱ्या पायावर भार न देतां, जसा तो नेहमीं उभा राहतो तसा. मातोश्रींनीं नातवाकडे पाहिलें, मग मुलाच्या पायाकडे पाहिलें. नंतर त्या खालीं वांकल्या, भाजणीच्या डब्यांतून एक लहानशी पुडी बांधली, ती सुनेच्या हातीं दिली, आणि उरलेलें सारें आंत नेऊं लागल्या.